इंद्रावतीचो पानी

माझ्या घरातल्या भिंतीवर चित्रकोटचं एक छायाचित्र आहे. त्यात धबधबा शोधावा लागतो. चौकटीचा मोठा भाग नदीनेच व्यापला आहे. तांबूस, जाड, संथ वाटणारं पाणी आणि त्यावर श्रावणातल्या ढगाळ आभाळाची मंद चकाकी. खालच्या कडेपासून चार बोटं वर ते पाणी एकाएकी वाकतं. जिथे वाकतं त्या रेषेवर त्याचा रंग पालटतो. मागे चहासारखं असलेलं पाणी कडेवर ताणलं जातं, पातळ होतं आणि मधासारखं उजळतं. डाव्या बाजूला एका ठिकाणी तो थर इतका पातळ आहे की खालच्या खडकाची सावली त्यातून दिसते. त्याच्या पुढे पांढरं. ते पांढरं जेमतेम बोटभर आत आलं आहे आणि तिथेच चित्र संपतं. घरी येणारे विचारतात, "यात धबधबा कुठाय?"

चित्रकोटची माझ्याकडे दोन-अडीचशे छायाचित्रं असतील. घोड्याच्या नालेसारखा पूर्ण आकार दाखवणारी आहेत, इंद्रधनुष्याची आहेत, डोंग्यातून काढलेली आहेत. भिंतीवर मात्र हेच लावावंसं वाटलं. का, ते सांगायचं तर आधी त्या पाण्याबद्दल सांगावं लागेल.

चित्रकोट छत्तीसगडमध्ये, बस्तर जिल्ह्यात येतो, जगदलपूरच्या पश्चिमेला चाळीसेक किलोमीटरवर. आम्हा गडचिरोलीकरांना तो परका वाटत नाही, कारण नदी आमची आहे. इंद्रावती ओडिशातल्या कालाहांडीच्या डोंगरात उगवते, बस्तरचं पठार ओलांडते, चित्रकोटला उडी घेते, बारसूरजवळ सातधारला खडकांतून फुटून पुन्हा एक होते, अबूझमाडाच्या पायथ्याने वाट काढते आणि भामरागडला आमच्या दारात येते. तिथे पर्लकोटा आणि पामुलगौतमी तिला मिळतात. मग गडचिरोली जिल्ह्याची हद्द आखत ती दक्षिणेला जाते आणि सिरोंचा तालुक्यात सोमनूरला गोदावरीत संपते. सव्वापाचशे किलोमीटरहून मोठ्या या प्रवासाचा शेवटचा भाग आम्ही रोज पाहतो. वरची उडी पाहायला मात्र हद्द ओलांडावी लागते.

मराठी माणसाला धबधबा म्हटलं की सह्याद्री आठवतो. काळ्या कातळावरून सुटलेली उभी पांढरी रेघ. ठोसेघर तसा, आंबोलीचे घाटातले तसे. दूधसागर तर तीनशे दहा मीटरचा आणि नावातच दूध घेऊन बसलेला. आमच्या झाडीपट्टीत ती उंची नाही. आमचं पाणी आडवं. वैनगंगा आडवी, बोड्या आडव्या, मालगुजारांनी बांधलेले मामा तलाव आडवे. मी मूळची नागभीडची. माझा पहिला धबधबा म्हणजे घोडाझरी तलावाचा सांडवा. तलाव भरला की पाणी सांडव्यावरून उतरायचं आणि सगळा तालुका ते पाहायला लोटायचा. बाबा सायकलवर पुढे बसवून न्यायचे. "पानी आलं," एवढंच म्हणायचे. आमच्या झाडीबोलीत ण नाही, पाणी हे पानीच. थोडी मोठी झाल्यावर चिमूर तालुक्यातल्या डोम्याच्या मुक्ताईला गेले. तिथे खरा कडा, खरं जंगल आणि देवीचं स्थान आहे. माना समाजाच्या श्रद्धेची ती जागा असल्याने तिथलं पाणी पाहताना आवाज आपोआप खाली येतो. या दोन ठिकाणी माझे डोळे तयार झाले. म्हणून मीटरांत सांगितलेली उंची ऐकून मी कधी भारावत नाही. पाणी किती रुंद आलं, ते मी आधी पाहते.

चित्रकोटची उंची जेमतेम एकोणतीस मीटर, म्हणजे सुमारे पंच्याण्णव फूट. दहा मजली इमारतीएवढी. सह्याद्रीच्या हिशेबात हे काहीच नाही. पण पावसाळ्यात त्याची रुंदी तीनशे मीटरच्या घरात जाते. उंच धबधबा पाहताना मान वर जाते. चित्रकोटपुढे मान डावीकडून उजवीकडे फिरवावी लागते, आणि उजवीकडचं पाहीपर्यंत डावीकडचं पुन्हा पाहावंसं वाटतं. कॅमेऱ्याची पहिली पंचाईत इथेच होते. रुंद भिंगाने सगळं आत घेतलं की धबधबा ठेंगणा होतो, एखाद्या बंधाऱ्यासारखा दिसतो. चार-पाच चौकटी शेजारी शेजारी घेऊन जोडाव्यात, तर डोंगर जोडला जातो, पाणी जोडलं जात नाही. प्रत्येक चौकटीतलं पाणी वेगळ्या क्षणाचं असतं आणि सांध्यावर धारा तुटतात.

आम्ही पहिल्यांदा गेलो ते ऑगस्टमध्ये. आलापल्लीहून सिरोंचा, पुढे पातागुडमच्या पुलावरून इंद्रावती ओलांडून भोपालपटनम, बिजापूर, गीदम आणि जगदलपूर. या पुलामुळेच ही वाट सोपी झाली. पुलावर गाडी थांबवून मी खाली पाहिलं. नदी तुडुंब भरून, लाल, शांतपणे चालली होती. हेच पाणी दोन-तीन दिवसांपूर्वी कड्यावरून पडलं असणार, हे तेव्हा मनात आलं नाही. आता त्या पुलावरून जाताना दर वेळी येतं.

दुसऱ्या दिवशी जगदलपूरहून निघालो. वाटेत मेंद्री घूमर आणि तामडा घूमर या दोन धबधब्यांच्या पाट्या लागल्या. घूमर हा धबधब्यासाठीचा तिथला शब्द. शब्दाचं मूळ भाषातज्ज्ञांनी सांगावं; माझ्या कानात मात्र तो ऐकताच आपलं घुमणं जागं झालं. कांकेर जिल्ह्यात अंतागडजवळ एक धबधबा आहे, त्याचं नाव चर्रे-मर्रे. आणि आपला धबधबा हा शब्द तरी काय आहे? धबधब आवाज करतो तो. हिंदीत सरकारी पाटीवर जलप्रपात लिहिलेलं असतं. त्या शब्दात पडणं आहे, म्हणजे डोळ्याला दिसणारी गोष्ट. इंग्रजांनीही पडण्यावरूनच नाव ठेवलं. आपण आणि आपले हे पूर्वेचे शेजारी मात्र कानावर विसंबलो. मला हे फार मोलाचं वाटतं. जंगलात धबधबा आधी ऐकूच येतो, तासभर आधी, आणि दिसतो शेवटी. ज्यांनी हे शब्द घडवले ते पायी येणारे लोक होते.

चित्रकोटलाही तसंच झालं. गाडीतून उतरल्यावर काही दिसत नव्हतं. समोर मोकळं मैदान, दुकानं, महादेवाचं देऊळ. पण पायाखालची जमीन काहीतरी सांगत होती. तो आवाज कानात शिरण्याआधी छातीत शिरतो. जवळ गेल्यावर त्यात वेगवेगळे आवाज ओळखू येऊ लागले. मधल्या मुख्य धारेचा खोल, न थांबणारा घुमारा. कडेच्या पातळ धारा खडकावर आपटून निघणारी चटचट. आणि अधूनमधून, कारण न कळता, तोफेसारखा एक दणका. मोठा लोट आतल्या हवेला कोंडून खाली येतो तेव्हा तो होत असावा. एवढं सगळं ऐकत मी कॅमेरा काढला, आणि कॅमेऱ्याला कान नाहीत हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं.

मीही तेव्हा सगळे करतात तेच केलं. तिपाई लावली, भिंगापुढे काळा फिल्टर बसवला आणि झडप दोन सेकंद उघडी ठेवली. पाण्याचा कापूस झाला. रेशमी, धुक्यासारखा, कॅलेंडरवर शोभेल असा. घरी आल्यावर पडद्यावर पाहिलं तेव्हा ते देखणं होतं, पण त्यातून काहीच ऐकू येत नव्हतं. दुसऱ्या टोकाची छायाचित्रंही होती, सेकंदाच्या हजाराव्या भागात टिपलेली. त्यांत पाणी गोठलं होतं. थेंब न् थेंब वेगळा, बर्फाचे खडे उधळावेत तसा. ती पाहून नवल वाटतं, पण त्यांतही आवाज नव्हता. गोठलेली वस्तू आवाज कशी करणार?

मग एका रात्री मी कागदावर हिशेब मांडला. एकोणतीस मीटर पडायला पाण्याला, हवेचा विरोध सोडून दिला तर, सुमारे दोन पूर्णांक चार सेकंद लागतात. खाली पोचताना त्याचा वेग सेकंदाला चोवीस मीटरच्या आसपास असतो, महामार्गावरच्या गाडीएवढा. म्हणजे दोन सेकंदांच्या छायाचित्रात एकेका थेंबाचा जवळजवळ सगळा जन्म एकावर एक पुसला जातो. वरपासून खालपर्यंतचा प्रवास आहे, प्रवासी नाही. हजाराव्या भागात तो थेंब तळाशीसुद्धा फक्त अडीच सेंटिमीटर हलतो. तिथे प्रवासी आहे, प्रवास नाही. या दोहोंच्या मध्ये सेकंदाचा तिसावा भाग येतो. त्यात तळाजवळचा थेंब ऐंशी सेंटिमीटर जातो, जवळपास दोन हात. निम्म्या उंचीवरचा सव्वा हात. आणि कडेवर नुकताच सुटलेला तर जेमतेम चार बोटं.

पुढच्या खेपेला मी तिसाव्या भागावर छायाचित्रं घेतली आणि ती पाहताना मला धबधबा वाचता आला. त्यांत वरच्या रेघा आखूड आहेत, मधल्या लांब, खालच्या त्याहून लांब. डोळा वरून खाली उतरताना रेघांबरोबर वेग घेतो, आणि तळाशी जिथे सगळ्या रेघा एकदम तुषारांत फुटतात तिथे तो धडकतो. पृथ्वीची ओढ अशी डोळ्यांना दिसू शकते, हे मला माहीत नव्हतं. त्या छायाचित्रांत धबधब शब्दाचा थोडासा अंश उतरला आहे, असं मला वाटतं. धबधबे काढणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी हा हिशेब आपल्या धबधब्यासाठी मांडून पाहावा. उंची बदलली की रेघ बदलते. जगदलपूरच्याच दुसऱ्या बाजूला कांगेर नदीचा तीरथगड आहे, तो नव्वदेक मीटरचा, पण पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारा. त्याचं पाणी दर पायरीवर थांबतं, नव्याने सुरू होतं. तिथे हा हिशेब लागूच पडत नाही आणि तिथली लांब झडपेची छायाचित्रं खरंच सुंदर दिसतात, कारण तो धबधबा मुळातच उतरतो, कोसळत नाही.

चित्रकोटच्या आकाराबद्दल थोडं सांगायला हवं. तिथला खडक आपल्या बेसाल्टसारखा काळा, लाव्ह्याचा नव्हे. तो वालुकाश्म आहे, फिकट, कुठे गुलाबीसर, आडव्या थरांचा. शंभर कोटी वर्षांच्या आसपास मागे एका उथळ समुद्राच्या वाळूतून हे थर बसले असं भूशास्त्र सांगतं, आणि त्यातल्या एका थराला अभ्यासकांनी चित्रकोटचंच नाव दिलं आहे. पाणी ओसरलं की हे थर वहीच्या पानांसारखे उघडे पडतात. वरचा थर टणक, खालचे तुलनेने मऊ. पाणी खालचं कोरतं, वरचं टोक अधांतरी राहतं, एक दिवस तुटून पडतं आणि धबधबा तेवढा मागे सरकतो. नदीचा जोर मधोमध सर्वांत जास्त, म्हणून मधला भाग लवकर मागे जातो आणि दोन्ही बाजू पुढे राहतात. त्यातून नाल तयार होते. म्हणजे तो घोड्याच्या नालेचा आकार ही नदीने स्वतःच्या जोराची काढलेली रेखाकृती आहे. जिथे ती सर्वांत खोल आत गेली आहे, तिथे तिचा जीव आहे. छायाचित्रकाराने उभं राहायची जागा शोधताना हे ध्यानात ठेवावं. अगदी समोरून काढलं की नाल सपाट होते. थोडं बाजूला, एका टोकाजवळ उभं राहिलं की जवळची बाजू समोर येते, दूरची मागे जाते आणि मधला खोलगट भाग अंधारात राहतो. त्या अंधारातूनच तुषार वर येतात.

उजेडाचंही तसंच. नदी पश्चिमेकडे वाहते, त्यामुळे धबधब्याचं तोंड साधारण मावळतीकडे. सकाळी तो सावलीत असतो, थोडा निळसर, थोडा उदास. दुपार कलली की समोरून उजेड येतो आणि पाठीशी सूर्य असला की तुषारांत इंद्रधनुष्य उभं राहतं. ते आपल्या सावलीच्या डोक्याभोवती बेचाळीस अंशांवर असतं, म्हणून प्रत्येकाचं वेगळं. शेजारी उभ्या माणसाला दिसणारं इंद्रधनुष्य आपलं नसतं. माझ्याकडे त्याची पुष्कळ छायाचित्रं आहेत. ती मी कोणाला फारशी दाखवत नाही. इंद्रधनुष्य आलं की लोक पाणी पाहायचं सोडतात.

जानेवारीत गेलो तेव्हा सगळंच वेगळं होतं. पावसाळ्यात बंद असलेले डोंगे चालू झाले होते. तीनशे मीटरचा पडदा फाटून त्याच्या वेगळ्या धारा झाल्या होत्या, मधे कोरडा खडक, त्यावर वाळलेलं शेवाळ. पाणी पांढरंशुभ्र, डोहात हिरवं. नावाडी वयाने माझ्याहून लहान होता, पण मी सवयीने दादा म्हणत होते आणि तो मला दीदी. माझ्याशी हिंदीत बोलायचा, दुसऱ्या डोंग्यातल्या सोबत्याशी तिथल्या हलबी बोलीत. त्या हलबीकडे माझे कान सारखे वळत होते. आपल्या चा-ची-चेच्या जागी तिथे चो येतो. धारेच्या अगदी जवळ गेल्यावर तो सोबत्याला ओरडून काहीतरी म्हणाला, त्यातलं मला नेमकं एवढंच कळलं: "इंद्रावतीचो पानी."

ते ऐकून मला बाबांचं सांडव्यावरचं "पानी आलं" आठवलं. ग्रिअर्सनने आपल्या भाषासर्वेक्षणाच्या मराठीच्या खंडात, १९०५ साली, हलबीला जागा दिली होती. पुढे अभ्यासकांनी तिच्यात ओडिया, छत्तीसगढी आणि मराठी अशी सरमिसळ दाखवली. ते बरोबरच असणार. पण शंभरेक फूट उंच पाण्याखाली, तोंडावर तुषार झेलत, नागभीडचा ण नसलेला पानी आणि मराठीचा चो होऊन बसलेला चा एकाच वाक्यात ऐकणं, हे कोणत्याही सर्वेक्षणात मावणारं नव्हतं. त्या क्षणी मी छायाचित्र काढलं नाही. भिंगावर इतके थेंब होते की काढलं असतं तरी काही आलं नसतं. ओढणीच्या टोकाने भिंग पुसत राहिले आणि पाकोळ्या धारेमागे शिरून पुन्हा बाहेर येताना पाहत राहिले.

भारताचा नायगरा असं चित्रकोटला सर्रास म्हणतात. पाटीवर, माहितीपत्रकात, सगळीकडे. मला ही तुलना मनापासून खटकते. नायगऱ्याची मोठी नाल उंचीलाही जवळपास दुप्पट आणि रुंदीला तर दुपटीहून जास्त. पण मोठं-लहान हा मुद्दा नाही. नायगरा सरोवरांतून येतो. त्याच्या मागे समुद्रासारखा साठा आहे, म्हणून तो बारा महिने बराचसा सारखा. इंद्रावतीच्या मागे आहे तो पाऊस. चित्रकोटला ऋतू आहेत आणि तेच त्याचं खरं सौंदर्य आहे. आषाढात तो तांबडा आणि अखंड, मार्गशीर्षात पांढरा आणि विभागलेला, वैशाखात जवळजवळ खडकच. ज्याने एकदाच पाहिला त्याने तो पाहिला नाही, असं मी म्हणेन. एकच राग तीन प्रहरांत ऐकल्यासारखं आहे ते.

नायगऱ्याकडून एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे. अमेरिका आणि कॅनडाने १९५० साली करार केला. विजेसाठी पाणी वळवायचं, पण पर्यटनाच्या मोसमात दिवसा धबधब्यावरून सेकंदाला किमान एक लाख घनफूट पाणी पडलंच पाहिजे. रात्री आणि हिवाळ्यात त्याच्या निम्मं. धबधब्याच्या वाट्याचं पाणी कायद्यात लिहून ठेवलं. इंद्रावतीवर वरच्या अंगाला ओडिशात मोठी धरणं आहेत, तिथलं पाणी वीज करून दुसऱ्या खोऱ्यात जातं. त्याखेरीज ओडिशा-छत्तीसगडच्या हद्दीजवळ जोरा नाला आहे, त्यातून नदीचं पाणी कोलाबकडे, म्हणजे शबरीकडे वळतं. पाणीवाटपाचे करार इथेही झाले, वादही झाले. धबधब्याचा वाटा म्हणून काही असतो, हा विचार त्यांत कुणी मांडल्याचं मला दिसलं नाही. २०१९ च्या उन्हाळ्यात चित्रकोट कोरडाठाक पडल्याची छायाचित्रं वर्तमानपत्रांत आली. जगदलपूरची माणसं तेव्हा नदी वाचवा म्हणत काठाकाठाने चालली. ती छायाचित्रं मी पुष्कळ वेळ पाहिली. रचनेच्या दृष्टीने त्यांत काही नव्हतं. उघडा खडक, तळाशी हिरवट डबकं. पण त्या खडकावर मला पाण्याने कोरलेल्या खाचा दिसत होत्या आणि त्यांवरून कोणती धार कुठून पडते ते मी ओळखत होते. घरातलं माणूस निजलेलं असावं आणि आपण त्याचे हात पाहावेत, तसं.

त्याच वर्षी, तीन-चार महिन्यांनी, भामरागड पुन्हा पुन्हा पुराखाली गेलं. आमच्याकडे हे दर पावसाळ्यात होतं. इंद्रावती फुगली की पर्लकोटाला जायला वाट राहत नाही, तिचं पाणी मागे तुंबतं, ठेंगणा पूल बुडतो आणि तालुक्याच्या गावाचा संपर्क तुटतो. पलीकडची गावं, अलीकडचं हेमलकसा, सगळे वाट पाहत बसतात. २०१९ ला ते फार झालं, बाजारपेठेत पाणी आलं, सामान वाहून गेलं. वैशाखात जी नदी कड्यावरून पडायला पुरली नाही, तीच भाद्रपदात आमच्या दुकानांत शिरली. या दोन बातम्या मी एकाच वहीत चिकटवल्या आहेत, शेजारी शेजारी.

आता भिंतीवरच्या छायाचित्राकडे येते. ते ऑगस्टच्या त्या पहिल्या भेटीतलंच. दिवसभर खालून, समोरून, बाजूने काढून झालं होतं. परत निघताना मी वरच्या काठाने थोडं मागे गेले, कठड्याआत उभी राहिले आणि लांब भिंग लावून कडेच्या रेषेवर नेम धरला. तिथे एक गोष्ट लक्षात आली. आवाज सगळा खाली होतो. कडेवरचं पाणी गप्प असतं. तीनशे मीटर रुंद नदी, काठोकाठ भरलेली, आणि त्या रेषेपर्यंत येताना ती काही बोलत नाही. गरजतं ते तिचं पडून गेलेलं अंग. मी एकच छायाचित्र घेतलं आणि पाऊस आला.

इतकी वर्षं ते पाहून माझी खात्री झाली आहे. छायाचित्र मुकं माध्यम आहे. गरजणारी जागा त्यात धरली की ती मुकी होते आणि खोटी वाटते. पण जी जागा मुळातच गप्प आहे ती त्यात शाबूत उतरते. बोटभर पांढरं दिसतं आणि उरलेले एकोणतीस मीटर पाहणारा स्वतः पाडतो, आवाजासकट. "यात धबधबा कुठाय?" असं विचारणारी माणसंही थोडा वेळ तिथेच उभी राहतात, हे मी पाहिलं आहे.

गेल्या हिवाळ्यात एका कामाने भामरागडला गेले होते. संगमाच्या काठावर एक काका डोंगा दुरुस्त करत बसले होते. बोलता बोलता चित्रकोटचा विषय निघाला. ते कधी तिकडे गेले नव्हते. मी फोनमध्ये आधी नालेचं छायाचित्र दाखवलं, मग इंद्रधनुष्याचं. त्यांनी मान डोलावली, चांगलं आहे म्हणाले. मग हे दाखवलं. त्यांनी हात पँटीला पुसले आणि फोन हातात घेतला. बराच वेळ पाण्याच्या रंगाकडे पाहत होते.

"पहिल्या पुराचं नाही हे," ते म्हणाले. "पहिलं काळं असते, पालापाचोळा घेऊन येते. पोळ्याच्या आधीचं दिसते. कोणती तारीख होती?"

मी तारीख आणि साल सांगितलं. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं आणि वाकणाऱ्या त्या रेषेवर अंगठा ठेवला.

"मंग हे पानी मी पायलं हाय बाई," ते म्हणाले. "तिसऱ्या दिवशी पुलावर होतं. माह्या कमरेपर्यंत."